डब्लिनची पोकळ सुई
दुखऱ्या गुडघ्यात स्टेरॉइड पोचवणाऱ्या सुईची गोष्ट डब्लिन शहरातल्या मीथ रुग्णालयात सुरू झाली.

३ जून १८४४. चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या वेदनेने हैराण झालेल्या एका बाईच्या कातडीखाली डॉ. फ्रान्सिस रिंड यांनी पोकळ नळीतून मॉर्फीन सोडले. दट्ट्या नव्हता, औषध आपल्या वजनानेच उतरले. कित्येक महिन्यांनी ती बाई नीट झोपली! वैद्यकाच्या इतिहासातला हा क्षण फार मोलाचा आहे.

सांध्यात सोडण्याजोगे औषध मिळायला मात्र शतक जावे लागले. काविळीत किंवा गरोदरपणात संधिवात ओसरतो, हे अमेरिकेत फिलिप हेंच यांनी हेरले होते. १९४८ मध्ये त्यांनी संधिवातावर कॉर्टिझोन हे स्टेरॉइड दिले. त्यासाठी १९५० चे नोबेल त्यांच्याही वाट्याला आले. लगेच १९५१ मध्ये जोसेफ हॉलंडर यांनी हायड्रोकॉर्टिझोन थेट सांध्यात टोचले.

सांध्यात टोचलेल्या स्टेरॉइडने सूज उतरते, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. मधुमेह असेल तर सुई घेण्याआधी डॉक्टरांना जरूर सांगा; काही दिवस रक्तातली साखर वाढते.