'डॉ.' लावा नाहीतर नका लावू, पण हा इतिहास एकदा वाचा

२०२५ च्या सप्टेंबरमधला गोंधळ आठवत असेल. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी 'डॉ.' लावू नये, असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागेही घेतलं. मग फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपवर जे व्हायचं ते झालं. एक गट म्हणाला, मालिश करणारे कसले डॉक्टर? दुसरा म्हणाला, आम्ही साडेचार वर्षं उगाच घासली का?

मी सातारा जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट आहे आणि नोकरी सांभाळून याच विषयात पीएचडी करतेय. त्यामुळे दोन्ही गटांनी मला टॅग केलं होतं. तेव्हा काही लिहिलं नाही. आता धुरळा बसलाय, म्हणून लिहिते. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

आधी शब्दाचंच बघू. आपल्याकडे 'पुनर्वसन' म्हटलं की कोयनेचे धरणग्रस्त डोळ्यांसमोर येतात. माझा विषय ऐकून एका काकांनी मला विचारलं होतं, "म्हणजे सातबाऱ्याचं काम का?" हसू नका, त्यांचं तसं बरोबरच होतं. धरणात गाव गेलेल्या माणसाला पुन्हा वसवायचं असतं. अर्धांगवायू झालेल्या, पाय गेलेल्या, मणका मोडलेल्या माणसालाही त्याच्याच घरात, त्याच्याच शरीरात पुन्हा वसवायचं असतं. हे कसं करायचं, केलेलं उपयोगी पडलं की नाही हे कसं ओळखायचं, याच्या शास्त्राला पुनर्वसन विज्ञान म्हणतात.

आता इतिहास. या 'डॉ.' वादाचं मूळ १८९४ च्या लंडनमध्ये सापडतं. तिथे मसाजच्या नावाखाली भलतेच धंदे चालतात अशी बोंब झाली होती. तेव्हा परिचारिका म्हणून काम करणाऱ्या चार बायकांनी आपल्या कामाची इभ्रत राखायला प्रशिक्षित मसाज करणाऱ्यांची एक संस्था काढली. परीक्षा ठेवल्या, नियम केले. त्यातला एक नियम असा, की डॉक्टरनं सांगितल्याशिवाय रुग्णाला हात लावायचा नाही. त्या काळात अब्रू वाचवायचा तो मार्ग होता. हीच संस्था पुढे ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांची मुख्य संस्था झाली. पण त्या नियमातून एक घडी बसली. डॉक्टरनं चिठ्ठी लिहायची आणि थेरपिस्टनं ती पाळायची. चिठ्ठी पाळणाऱ्यानं प्रश्न विचारायचे नसतात, आणि प्रश्न विचारायचे नसतील तर संशोधन तरी कशाला हवं?

आपल्याकडे हे शास्त्र आलं ते पोलिओच्या पाठीवर बसून. मुंबईत फातेमा इस्माईल नावाच्या स्वातंत्र्य चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला. उपचार शोधत त्या मद्रासपर्यंत गेल्या. मुलगी सुधारली, पण बाई तिथेच थांबल्या नाहीत. बाकीच्या मुलांचं काय, म्हणून १९४७ मध्ये त्यांनी मुंबईत अशा मुलांसाठी दवाखाना सुरू केला. हाजी अलीजवळचं मुलांचं हाडांचं रुग्णालय त्याच कामातून उभं राहिलं.

दुसरं नाव फलटणकरांना घरचं वाटेल. कमला निंबकर. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण ज्यांच्या नावानं ती आहे त्या कोण, हे कितीजणांना माहीत आहे? मूळच्या अमेरिकेतल्या, जन्म १९००, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून त्या भारतात आल्या आणि कमला झाल्या. फलटणला शेती संशोधन संस्था काढणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव. कमलाबाईंनी पन्नाशीकडे झुकलेल्या वयात अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची शाळा सुरू केली. भारतातली ही पहिली. दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, ऑक्युपेशनल थेरपिस्टांची जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. आपला देश तेव्हा पाच वर्षांचा होता, हे लक्षात घ्या.

त्याच सुमारास केईएममध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं फिजिओथेरपीचंही शिक्षण सुरू झालं, आणि १९५५ मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आली. म्हणजे भारतातल्या या शास्त्राचं बारसं आपल्याच राज्यात झालं, असं म्हणायला हरकत नाही.

पण तेव्हा घाई होती. वॉर्डात मुलं होती आणि हात कमी होते. आधी कामाला माणसं तयार करा, बाकीचं पुढे बघू, असं ठरलं आणि ते योग्यच होतं. पुस्तकं परदेशी आली, व्यायाम परदेशी आले आणि त्यांच्याबरोबर मोजपट्ट्याही परदेशी आल्या. 'बाकीचं पुढे बघू' यातलं 'पुढे' मात्र फार लांबलं.

मोजपट्टी म्हणजे काय ते सांगते. अर्धांगवायूचा रुग्ण किती सुधारला, हे 'बराच बरा आहे' असं म्हणून चालत नाही, आकडा लागतो. त्यासाठी जगभर वापरली जाणारी एक पट्टी म्हणजे बार्थेल इंडेक्स, प्रसिद्ध झाली १९६५ मध्ये. दहा गोष्टी, एकूण १०० गुण. जेवण, आंघोळ, कपडे, संडास-लघवीवरचा ताबा, पलंगावरून खुर्चीत बसणं, चालणं, जिने चढणं वगैरे. पट्टी चांगली आहे, मी रोज वापरते. ज्यांच्या नावानं ती आहे त्या डोरोथिया बार्थेल स्वतः फिजिओथेरपिस्ट होत्या, याचा मला अभिमानही आहे. पण या दहा गोष्टींत जमिनीवर बसणं नाही. जमिनीवरून उठणं नाही. उकिडवं बसणं नाही.

आता आपल्या गावाकडचं घर आठवा. जेवायला खाली बसायचं, निवडणं-टिपणं खाली, देवासमोर खाली, अनेक घरांत झोपायलाही खालीच. माझ्याकडे येणारे आजोबा पट्टीवर ९० गुण मिळवतात आणि तरी म्हणतात, "मॅडम, पंगतीला बसता येत नाही, मग कसला बरा?" कागदावर ते जवळजवळ बरे झालेले असतात आणि घरी मात्र नसतात.

दुसरी एक प्रसिद्ध प्रश्नावली आहे, एसएफ-३६. तिच्या मूळ इंग्रजीत मध्यम कष्टाच्या कामांची उदाहरणं म्हणून व्हॅक्यूम क्लीनर ढकलणं, बोलिंग आणि गोल्फ आहे. माण-खटावच्या मावशीला गोल्फबद्दल विचारून बघा!

आपल्या मापानं विचार केला की काय होतं, याचं उदाहरणही भारतातच आहे. जयपूर फूट. तोवरचा परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी होता. त्यावर उकिडवं बसता येत नव्हतं आणि चिखलातून अनवाणी चालणंही जमत नव्हतं. जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबराचा वेगळाच पाय तयार केला, शेतात चालणारा, मांडी घालू देणारा. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रामचंद्र मास्तरांकडे कुठलीही मोठी पदवी नव्हती. म्हणून कुणी म्हणेल, मग पीएचडी हवी कशाला?

प्रश्न रास्त आहे. कल्पना सुचायला पीएचडी लागत नाही, सुतारालाही सुचते आणि आईलाही सुचते. पण सुचलेलं खरंच उपयोगी आहे का, कुणाला आहे, कुणाला नाही, साध्या उपायापेक्षा जास्त आहे का, हे तपासायचं काम कुणीतरी वर्षानुवर्षं बसून करावं लागतं. पीएचडी म्हणजे त्या तपासणीचं शिक्षण.

अमेरिकेतही ते सहज मिळालं नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी मुलांच्या संवेदनांबद्दल जे काम केलं, त्यावर आज जगभर थेरपी चालते. त्यांची पीएचडी मात्र शैक्षणिक मानसशास्त्रात, १९६१ ची. फिजिकल थेरपिस्ट हेलन हिस्लॉप यांची शरीरक्रियाशास्त्रात. स्वतःच्या विषयाचं दार नव्हतं म्हणून या बायका शेजारच्या दारानं आत गेल्या. त्यांच्यानंतर दार झालं. आज कॅनडातल्या वेस्टर्नसारख्या विद्यापीठात 'हेल्थ अँड रिहॅबिलिटेशन सायन्सेस' याच नावानं पीएचडी आहे, आणि आपल्याकडची हुशार मुलं तिकडे जातात. त्यांना मी दोष देणार नाही.

इथे काय आहे? विद्यापीठात नोंदणी होते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीला किमान तीन आणि एरवी जास्तीत जास्त सहा वर्षं, बायकांना आणि दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची सवलत. नोकरी करून अर्धवेळ करायची मुभाही आहे. पण मार्गदर्शक मोजके, फेलोशिप त्याहून मोजक्या. सकाळी ओपीडी, संध्याकाळी रुग्ण, रात्री वाचन. परवानगी मागायला मी एका ठिकाणी गेले तर साहेब म्हणाले, "मालिश करायला पीएचडी कशाला?" म्हणजे १८९४ पासून आपण कुठपर्यंत आलो बघा.

माझं काम साधं आहे. अर्धांगवायूनंतर माणूस जमिनीवर बसू-उठू शकतो का, हे मोजायची पट्टी तयार करायची. ऐकायला सोपं वाटतं. पण एकाच रुग्णाला दोन थेरपिस्टनी वेगवेगळं तपासलं तर आकडा जुळला पाहिजे. रुग्णात काही फरक पडला नसेल, तर आठ दिवसांनी पुन्हा तपासलं तरी जुळला पाहिजे. रुग्ण खरंच सुधारला तर आकडा हलला पाहिजे. शब्दांची तर वेगळीच मजा. 'थोडा आधार' म्हणजे किती? भिंतीला हात टेकवला तर थोडा, की सुनेनं काखेत धरलं तरी थोडाच? एकेका शब्दावर महिना गेलाय. हे सगळं करण्याआधी नीतीसमितीची मंजुरी, आणि प्रत्येक रुग्णाला मराठीत समजावून त्याची संमती.

हे तुम्हाला का सांगतेय? कारण हा प्रश्न फक्त आम्हा थेरपिस्टांचा नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यानं ते २१ केले. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मधला, म्हणजे ज्या रोगानं हे शास्त्र इथे आणलं तो गेला. त्याच्या जागी अर्धांगवायू, मधुमेहानं गेलेले पाय आणि हायवेवरचे अपघात आलेत. पुणे-बंगळुरू रस्त्याच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. विम्याची भरपाई, दिव्यांग प्रमाणपत्राची टक्केवारी, सरकारी योजनेत थेरपीचे किती दिवस मिळणार, हे सगळं शेवटी कुठल्या ना कुठल्या मोजपट्टीवर ठरतं. पट्टीत तुमची मांडी नसेल, तर निर्णयातही ती नसते.

२०२१ मध्ये केंद्रानं या सगळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. चांगलं झालं. आता मागणी करायची तर नावाच्या पाटीइतकीच जोरात हीसुद्धा करू: पुनर्वसनाच्या संशोधनाला फेलोशिप द्या, जिल्हा रुग्णालयांत थेरपिस्टांची पदं भरा आणि तिथल्या नोंदी अभ्यासाला खुल्या करा. ज्या राज्यात कमलाबाईंनी शाळा काढली, त्या राज्याला हे जड जाऊ नये.

आणि तुमच्यासाठी एक काम. घरात कुणी थेरपी घेत असेल तर थेरपिस्टला नुसतं "हात कधी उचलेल?" असं विचारू नका. घरी, शेतात, देवळात त्यांना नेमकं काय करायचंय ते सांगा. कुणी विद्यार्थी प्रश्नावली घेऊन दारात आला तर त्याला दहा मिनिटं द्या, आणि एखादा प्रश्न आपल्या जगण्याला लागू नसेल तर तसं तोंडावर सांगा. आम्हाला तेच ऐकायचं असतं.

मला 'डॉ.' म्हणायचं की 'मॅडम', ते तुमचं तुम्ही ठरवा. आजोबांना पंगतीला बसता आलं पाहिजे. ते कसं, याचं उत्तर आपल्याकडेच शोधावं लागेल.