कमी पैशांत, आठ दिवसांत ऑफ-रोड गाडी: आधी काय करावं आणि काय टाळावं?

वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या काळ्या मातीच्या गावात पाऊस लागला की पांदण रस्त्यावर साधी गाडी टिकत नाही. ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते आणि टायरच्या खाचा भरून टाकते. मग पेरणी तोंडावर आली की एखादा मित्र हमखास म्हणतो, "जुनी जीप घेतली आहे, आठ दिवसांत शेतात जाण्याजोगी करून दे."

वेळ आणि पैसा दोन्ही कमी असतील, तर कामाचा क्रम महत्त्वाचा ठरतो.

पहिले दोन दिवस: तपासणी
ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, व्हील बेअरिंग आणि इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शिअलचं ऑइल आधी बघावं. चेसिसला खालून गंज किंवा तडा आहे का, फोर बाय फोर आणि लो गिअर खरोखर लागतो का, हेही पाहावं. इथे दोष निघाला तर बजेटचा पहिला वाटा त्यालाच द्यावा.

पुढचे दोन दिवस: टायर
चिखलात सर्वाधिक फरक टायरमुळे पडतो. मोठ्या खाचांचे मड टायर फिरताना माती बाहेर फेकतात. आकार मात्र कंपनीने दिलेलाच ठेवावा. मऊ जमिनीत हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते. डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा पुन्हा भरावीच लागते, म्हणून गाडीत पंप हवा.

पाचवा दिवस: अडकल्यावरची सोय
ओढण्याचा हुक थेट चेसिसला बोल्टने बसवावा. बंपरला बांधलेला दोर ताणात बंपरच उपटू शकतो. मजबूत पट्टा, फावडं आणि दोन जाड फळ्या गाडीतच ठेवाव्यात.

उरलेले दिवस चाचणीसाठी राखावेत. बिघडायचं ते मित्राच्या शेतात नको, गॅरेजजवळच बिघडू द्यावं. नाल्याच्या पाण्यात इंजिन बंद पडलं, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी न जुळणारा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकू शकतो. त्यामुळे सस्पेन्शन उंच करणं किंवा इंजिन बदलणं घाईत करू नये.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप मुलासाठी बनवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ गाजला. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या अडवली जाईल, असंही म्हटलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांना ती मिळाली.

प्रत्येक मित्राला बदल्यात बोलेरो मिळत नाही. त्यामुळे आठ दिवसांच्या कामात ब्रेक, टायर, हुक आणि आरसी एवढं पक्कं असलं, तरी गाडी शेतात जाते आणि परतही येते.