ट्राउट मासेमारी
ट्राउट या थंड, गोड्या पाण्यातील माशाला कृत्रिम माशीच्या आमिषाने पकडण्याचा क्रीडाप्रकार. पिसे, लोकर, रेशीम इ. गळाभोवती गुंडाळून ही माशी तयार करतात. गळाने मासे धरण्याच्या इतर पद्धतींत आमिषाच्या अथवा शिशाच्या वजनाने दोरी दूर जाते. येथे माशीला जवळजवळ वजनच नसल्यामुळे जाड व जड दोरी लवचिक काठीच्या झोक्याने पुढे फेकावी लागते. दोरीच्या टोकाच्या बारीक तंतूला बांधलेली माशी तिच्यामागोमाग जाऊन पाण्यावर अलगद उतरते.

या कलेचे मर्म डोंगरातील लहान ओढ्यात चांगले कळते. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून एखाद्या दगडाच्या आडोशाला स्थिर राहतो आणि वाहत येणारे कीटक टिपतो. मे-माशीची अर्भके बराच काळ दगडांखाली काढतात. पंख फुटल्यावर त्यांचे आयुष्य काही तासांचे किंवा फार तर काही दिवसांचे असते आणि या अवस्थेत ती काही खात नाहीत. कीटक पाण्यातून वर येऊ लागले, की ट्राउटही पृष्ठभागाकडे वळतो. मासेमाराला कीटकाचे रूप आणि त्याची वेळ दोन्ही साधावी लागतात. पाणी नितळ व उथळ असल्याने माणसाची सावली पडताच मासा पसार होतो.

या पद्धतीचा जुना व स्पष्ट उल्लेख ईलिअन या रोमन लेखकाच्या प्राणिविषयक ग्रीक ग्रंथात (इ. स. सु. २००) सापडतो. मॅसिडोनियातील लोक गळाला लाल लोकर व कोंबड्याची पिसे बांधून ठिपकेदार मासे पकडीत, असे त्याने लिहिले आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापल्या गेलेल्या एका प्रबंधात बारा माशांची (कृत्रिम कीटकांची) वर्णने आहेत. त्याचे कर्तृत्व परंपरेने ज्युलियाना बर्नर्स हिच्याकडे दिले जाते. मात्र त्यास भक्कम पुरावा नाही. आयझॅक वॉल्टनचा द कंप्लीट अँग्लर (१६५३) हा या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ होय. तथापि वॉल्टन हा मुख्यतः सजीव आमिषाचा जाणकार होता. माशीने ट्राउट धरण्याचे सविस्तर विवेचन १६७६ च्या पाचव्या आवृत्तीस चार्ल्स कॉटनने जोडलेल्या दुसऱ्या भागात आले. कॉटनचे घर डव्ह या डोंगराळ, स्वच्छ नदीकाठी होते. बारीक दोरी व लांबून फेक हा त्याचा आग्रह त्या पाण्यानेच त्याला शिकविला असावा.

लहान ओढ्यांचा खरा शास्ता मात्र स्कॉटलंडचा डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट हा होय. मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो. तेव्हा त्याच्या मागून, म्हणजे प्रवाहाच्या वरच्या दिशेने, माशी टाकावी हे त्याने द प्रॅक्टिकल अँग्लरमध्ये (१८५७) पटवून दिले. त्यानंतर दक्षिण इंग्लंडच्या संथ नद्यांवर वाद माजला. एफ. एम. हॅलफर्डने तरंगत्या माशीचा पुरस्कार केला (१८८६), तर जी. ई. एम. स्क्यूझने पाण्याखालील अर्भकाची नक्कलही तितकीच न्याय्य ठरविली (१९१०). हॅलफर्डच्या अनुयायांनी या मताला जवळजवळ धर्मशास्त्राचे स्वरूप दिले.

भारतात हा छंद ब्रिटिशांबरोबर आला. त्यासाठी मासाही आणावा लागला. हिमालयातील थंड ओढ्यांत शायझोथोरॅक्स प्रजातीचे मासे मूळचेच आहेत. ‘हिमट्राउट’ म्हणत असले, तरी ते कार्प कुलातील होत. कुमाऊँ-गढवालमधील असेला हा त्यांपैकीच. असेलाचे तोंड खालच्या बाजूस असून दगडांवरील शैवल खरवडून तो जगतो. म्हणून तो माशीच्या आमिषास फारसा भुलत नाही आणि साहेबी मासेमाराच्या लेखी या ओढ्यांत जणू मासाच नव्हता. १८९९ मध्ये काश्मीरसाठी पाठविलेली तपकिरी ट्राउटची अंडी वाटेतच नष्ट झाली. पुढील वर्षीचा प्रयत्न यशस्वी ठरला. त्यात श्रीनगरातील गालिचा-उद्योजक फ्रँक मिचेलचा मोठा वाटा होता. हारवन येथील उबवणी केंद्रातून मासे खोऱ्यातील ओढ्यांत सोडण्यात आले. कुलू भागात १९०९ मध्ये ट्राउट आला. निलगिरीत एकोणिसाव्या शतकातील प्रयत्न फसल्यावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी उत्तर अमेरिकेतील इंद्रधनुषी ट्राउट रुजला. सह्याद्रीचे ओढे उन्हाळ्यात आटतात अथवा तापतात. त्यांत हा मासा तग धरत नाही.

तपकिरी व इंद्रधनुषी या दोन्ही ट्राउटांची गणना जगातील शंभर अत्यंत उपद्रवी आगंतुक जातींत होते. तपकिरी ट्राउट मोठा झाल्यावर इतर माशांची पिलेही खातो. असेला आता संकटप्रवण मानला जातो. त्याच्या ऱ्हासास धरणे, सुरुंग व अतिरेकी मासेमारीही कारणीभूत आहेत. त्यामुळे सारा दोष पाहुण्या माशावर ढकलणे योग्य नाही. हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवरचे जलविद्युत् प्रकल्प एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रद्द झाले. त्यासाठी स्थानिकांनी दिलेल्या लढ्यात नदीतील ट्राउट हाही एक मुद्दा होता.