गाळलेल्या दोन ओळी

साठी बुद्धी नाठी, असे आपण सहज बोलून जातो. मीही बोलत असे. एकदा मात्र मी नुसते बोललो नाही, तसा वागलोही.

१९९१ साल होते. बी.ए. होऊन मी घरी बसलो होतो आणि रात्री मोहल्ल्यात साक्षरतेचा वर्ग घेत होतो. १९८८मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय साक्षरता मिशनचा भर १५ ते ३५ या वयोगटावर होता. माझ्या वर्गात विडी वळणाऱ्या तरुण बाया येत. शेजारची एक खाला रोज दाराशी येऊन उभी राही. पन्नाशी ओलांडलेली. पाटी मागायची. ‘खाला, या वयात कशाला डोक्याला त्रास?’ असे म्हणून मी तिला परत पाठवी. मोठ्यांना बसवू नका, असे मला कोणी बजावले नव्हते. पाट्या मोजक्या होत्या. त्या तरुण डोक्यांना द्याव्यात, हा हिशेब माझा होता.

पण हा हिशेब माझ्या एकट्याचा नव्हता, हे मला पुढे वाचनातून कळले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८९०च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले होते, की आपला कामधंदा सोडला तर पंचविशीनंतर माणूस नवे विचार फारसे आत्मसात करीत नाही. स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल हे मेंदूच्या पेशींचे थोर अभ्यासक, १९०६च्या नोबेलचे एक मानकरी. १९१३-१४च्या सुमारास त्यांनी मांडले, की प्रौढ मेंदूतल्या मज्जातंतूंच्या वाटा कायमच्या ठरून गेलेल्या असतात. पुढे त्यांनी असेही म्हटले होते, की हा कठोर निवाडा शक्य झाल्यास उद्याच्या विज्ञानाने बदलावा. जगाने निवाडा लक्षात ठेवला, पुढचे विसरले.

शिकवणारे मात्र निवाड्यासाठी थांबले नव्हते. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ सालीच कामकरी-शेतकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवसभर राबून आलेला माणूस शिकू शकतो, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

निवाड्याला पहिला मोठा तडा १९२८ साली गेला. जेम्स यांचेच शिष्य एडवर्ड थॉर्नडाइक यांनी प्रौढांवर प्रयोग करून दाखवले, की शिकण्याची शक्ती विशी-पंचविशीत सर्वाधिक असली, तरी पंचेचाळिशीपर्यंत ती अगदी सावकाश उतरते. प्रौढ माणसे आपल्या या शक्तीला स्वतःच कमी लेखतात, असेही त्यांना आढळले.

पुढे जिवंत माणसाच्या मेंदूचे काम यंत्रावर पाहता येऊ लागले. फ्रान्सचे स्तानिस्लास देहाएन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ब्राझील व पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. काही निरक्षर, काही लहानपणी शिकलेले, काही मोठेपणी अक्षर गिरवलेले. वाचणाऱ्याच्या मेंदूत डाव्या बाजूला, मागे खालच्या अंगाला एक भाग अक्षरे ओळखू लागतो. मोठेपणी शिकलेल्यांतही तो जागा झालेला दिसला. २०१७ साली तर आपल्या जवळचीच गोष्ट प्रसिद्ध झाली. लखनौजवळच्या खेड्यांतली निरक्षर माणसे, बहुतेक स्त्रिया, सुमारे सहा महिने देवनागरी शिकली. बदल मेंदूच्या वरच्या थरापुरताच राहिला नव्हता. खोल, फार पुरातन अशा भागांपर्यंत तो पोचला होता. क, ख, ग ही आपलीच अक्षरे!

याचा अर्थ वयाने काहीच फरक पडत नाही, असा नव्हे. मोठेपणी शिकलेला माणूस बराच काळ अक्षराला अक्षर जोडत वाचतो. त्याला रोजचा थोडा थोडा सराव आणि शिकवणाऱ्याचा धीर लागतो. मात्र मुलाकडे नसलेली एक शिदोरी त्याच्याकडे असते : हजारो शब्द त्याला आधीच ठाऊक असतात. त्याच्यापुढे ‘कमळ’ आणि ‘बदक’ ठेवण्यापेक्षा त्याच्या रोजच्या तोंडातले शब्द ठेवले, तर अर्थ अक्षराला हात देतो. माझ्या वर्गातल्या बायांनी ‘विडी’ हा शब्द ‘बदक’च्या आधी वाचला होता. कारण तेव्हा मला उमगले नव्हते.

आता २०२२ सालच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने पस्तिशीची अट ठेवलेली नाही. पंधरा वर्षांपुढचे सगळे त्यात बसतात. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी २०१६ साली आजीबाईंची शाळा सुरू झाली, तेव्हा साठी-सत्तरीच्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसल्या.

त्यांची छायाचित्रे पाहिली आणि मला खाला आठवली. पाटी तिला कशासाठी हवी होती, ते मला उशिरा कळले. तिच्या सासरी गेलेल्या मुलीचे पत्र आले होते. वाचून द्यायला ती माझ्याकडेच आली. पत्रात सासरच्या जाचाच्या दोन ओळी होत्या. मला धीर झाला नाही. त्या मी गाळल्या. खाला थोडा वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. म्हणाली, ‘इत्ताच?’

मी म्हणालो, ‘इत्ताच.’

तिने पत्र परत घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि घडी घालून कमरेला खोचले. त्या दोन ओळी तिच्या हातात होत्या. त्या वाचायला सहा महिने आणि एक पाटी पुरली असती.