सोळा महिन्यांची पुंजी

गेल्या पावसाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. वय बत्तीस, एका कचेरीत कारकून. लग्न झालेले, एक मुलगी. चहा होईपर्यंत इकडचे तिकडचे बोलला आणि मग एकदम म्हणाला, "सर, नोकरी सोडावी म्हणतो. लॉ कॉलेजात नाव घालतो."

मी काहीच बोललो नाही, तेव्हा तोच पुढे म्हणाला, "घरचे म्हणतात, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. तुम्ही इतिहास शिकवता. तुम्हीच सांगा, असं कोणी केलंय का?"

"केलंय की," मी म्हणालो आणि डॉ. आंबेडकरांचे नाव घेतले.

तो हसला. "सर, ते बाबासाहेब. आपलं काय!"

वाचकहो, त्याचे ते हसणे माझ्या मनातून जाईना. थोरांची नावे आपण घेतो ती वाट दिसावी म्हणून, आणि तीच नावे पुढे करून आपण वाट टाळतो. पुतळा आपल्याला ठाऊक असतो. त्या पुतळ्याच्या मागे एकेकाळी खोलीत बसून पैशांची बेरीज-वजाबाकी करणारा एकोणतीस वर्षांचा संसारी माणूस होता, हे ध्यानात राहत नाही. म्हणून आज त्या हिशेबाचीच हकिकत सांगावी म्हणतो.

ही हकिकत नीट कळायला थोडे मागे जावे लागेल. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढच्या वर्षी ते लंडनला गेले. तेथे त्यांनी दोन ठिकाणी नाव घातले: अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये. हे दुसरे नाव लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम आहे.

पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली दोन्ही अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट मात्र केली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. दार उघडे राहिले खरे, पण कायमचे नव्हे. ऑक्टोबर १९१७ पासून दिवस मोजले जाऊ लागले.

परत आल्यावर काय झाले? शिष्यवृत्तीच्या करारानुसार बडोदे संस्थानात नोकरी करणे भाग होते. महाराजांच्या दरबारी अधिकाराची जागा मिळाली, पण त्या शहरात अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली मंडळी दाराशी आली आणि त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्रीची. तोपर्यंतचा वेळ त्यांनी शहरातल्या सार्वजनिक बागेत काढला. ही हकिकत त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. कोलंबियात शिकून आलेला मनुष्य, हाताला काम आहे, पण डोक्यावर छप्पर नाही! पगार आणि प्रतिष्ठा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ज्याला अशा रीतीने शिकावे लागले, त्याने नोकरीविषयी पुढे काय विचार केला असेल, ते आपण समजू शकतो.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअरबाजाराचा सल्ला देणारा एक छोटासा व्यवसायही काढला. सल्ला देणाऱ्याची जात कळल्यावर गिऱ्हाइके येईनाशी झाली आणि तो बंद पडला. अशा स्थितीत नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. पगार महिना ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती, बरं का! ज्यांचे बिऱ्हाड परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, दोन खोल्यांत होते, त्यांना तर एवढ्या पगारात चांगल्या वस्तीत मोठे घर सहज घेता आले असते.

त्यांनी ते घेतले नाही, बिऱ्हाड चाळीतच ठेवले. रमाबाईंच्या हाती महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची, तेवढ्यात घर चालवायचे आणि बाकीचे शिलकीत टाकायचे, असा क्रम सुरू झाला. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आपण नेहमी ऐकतो. येथे अंथरूण मोठे झाले तरी पाय मुद्दाम आखडून घेतले होते.

कॉलेजात त्यांचे कसे चालले होते? चरित्रकार सांगतात की आरंभी मुलांनी या नव्या प्राध्यापकाला फारसे मानले नाही. पुढे मात्र दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांची व्याख्याने ऐकायला येऊ लागले. आणि त्याच कॉलेजात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातले पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. वर्गात मान आणि पाण्याच्या भांड्यापाशी अपमान, अशी ती नोकरी होती.

तिला आणखी एक बंधन होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे त्याला साहाय्य होते. पण संपादक म्हणून नाव छापले गेले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. कारण भीमराव सरकारी महाविद्यालयाचे नोकर होते. आपण लिहायचे आणि नाव मात्र दुसऱ्याचे द्यायचे! महिना ४५० रुपये देणारा धनी त्या रुपयांबरोबर माणसाचा आवाजही विकत घेतो, हे याहून स्पष्ट कशाने दिसणार?

मला वाटते, बॅरिस्टरीचा अर्थ येथे उलगडतो. त्यांना अर्थशास्त्राची पदवी हवी होती हे खरेच. पण प्राध्यापकी तर पदरी होतीच. वकिली हा मात्र असा धंदा, ज्यात कोणी धनी नसतो, रजेचा अर्ज नसतो आणि बोलण्याआधी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. नवा पेशा त्यांना हवा होता तो मुख्यतः मोकळे राहण्यासाठी.

मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२०, म्हणजे सोळा महिने. आता आपणच गुणाकार करून पाहा. सोळा महिन्यांचा सगळा पगार धरला तरी बेरीज ७,२०० रुपयांवर जात नाही, आणि त्यातूनच घर चालले होते. नुसत्या शिलकीवर बोटीचे भाडे, विद्यापीठाची फी, ग्रेज इनची फी आणि लंडनमधली दोन-तीन वर्षे निघणे शक्यच नव्हते. उरलेला खड्डा दोघांनी भरला. शाहू महाराजांनी मदत केली, आणि नवल भाथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. बडोद्यात पारशी धर्मशाळेतून ज्याला हाकलले, त्याला मुंबईत एका पारशी मित्राने हात दिला. इतिहासात अशी गोष्ट वाचली की माणसांच्या जातीवर सरसकट शिक्के मारण्याचा मोह आपोआप ओसरतो.

जुलै १९२० मध्ये ते बोटीवर चढले. मुदतीतले जेमतेम सव्वा वर्ष उरले होते.

लंडन स्कूलच्या कागदपत्रांत त्या वर्षाचे एक पत्र आहे. प्राध्यापक फॉक्सवेल यांनी लिहिलेले. त्यात त्यांनी असा अभिप्राय दिला आहे की हा मनुष्य आधीच इतके शिकून आला आहे की येथे त्याला जिंकण्यासारखे काही उरलेलेच नाही. फॉक्सवेल यांचा समज होता की भीमराव डॉक्टर होऊनच आले आहेत. प्रत्यक्षात कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हाती पडली ती १९२७ साली. बाहेरून पाहणाऱ्याला जे संपलेले वाटत होते, ते आत बसलेल्याला अजून सिद्ध करायचे होते.

त्यांचा दिनक्रम चरित्रांतून वाचायला मिळतो. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडताच आत जायचे आणि ते बंद होईपर्यंत उठायचे नाही. इंडिया ऑफिसचे ग्रंथालयही त्यांनी असेच पिंजून काढले. सकाळी चहा आणि पावाचा तुकडा. रात्री भूक लागली की चार पापड आणि कपभर दूध. खोलीतला सोबती म्हणे, आता झोपा. यावर त्यांचे उत्तर असे की जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही. शिवाय ग्रेज इनची हजेरी होतीच. तेथे प्रत्येक सत्रात ठरावीक वेळा भोजनाला बसावे लागे, त्याशिवाय सत्र भरत नसे. पापडावर रात्र काढणाऱ्याला बॅरिस्टर होण्यासाठी नियमाने मेजवान्यांना बसावे लागले, ही त्या शिक्षणाची एक गंमतच म्हणायची!

जून १९२१ मध्ये ते एम. एससी. झाले. जून १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध डी. एससी.साठी सादर केला. त्याच वर्षाच्या मे महिन्यात, ज्यांनी पाठीवर हात ठेवला होता ते शाहू महाराज वारले. आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी सांगितले, प्रबंध सुधारून पुन्हा लिहा.

कल्पना करा! पैसे संपलेले. घरी रमाबाई ठेवलेल्या पैशांत भागवता भागवता टेकीला आलेल्या. आणि तिकडे परीक्षक म्हणतात, पुन्हा लिहा. एप्रिल १९२३ मध्ये भीमराव मुंबईस परतले, चाळीत बसून त्यांनी प्रबंध दुरुस्त केला आणि टपालाने लंडनला धाडला. तो स्वीकारला गेला. वर्षाअखेर 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत शिष्याशी असलेले मतभेदही मोकळेपणाने सांगितले. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२५ मध्ये, भारतीय चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. तिच्या मागे हाच अभ्यास होता.

येथे गोष्ट संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. बॅरिस्टर झाले म्हणून लगेच पैसा आला काय? नाही. वकिलीची सनद घ्यायलासुद्धा पुन्हा नवल भाथेनांकडे जावे लागले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे खटला द्यायला सॉलिसिटर पुढे येईनात. मग १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत त्यांनी अर्धवेळ शिकवले. म्हणजे जो पेशा सोडला होता, त्यानेच नव्या पेशाला काही वर्षे जेवू घातले. जुने शिक्षण वाया जात नाही, ते असे वेळेला उभे राहते.

पण मोकळीक मिळाली होती. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी घेऊ नये म्हणून दावा लागला, आणि प्रतिवादींत आंबेडकर स्वतः होते. दहा वर्षे खटला चालला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की तळे नगरपालिकेचे आहे आणि बंदीची रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे सिद्ध होत नाही. कॉलेजातल्या पाण्याच्या भांड्यावरून ज्याला बोल लावले गेले, त्याने तळ्याच्या पाण्याचा हक्क न्यायालयात मिळवला. तो सरकारी कॉलेजाचा नोकर राहिला असता तर त्याला हे करता आले असते काय?

या सगळ्याची किंमत एकट्याने दिली नव्हती. रमाबाईंची चार मुले लहानपणीच गेली. त्या स्वतः मे १९३५ मध्ये वारल्या. लंडनचा तो रुपयावरचा ग्रंथ भीमरावांनी आपल्या आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला आहे. रमाबाईंचे नाव एका अर्पणपत्रिकेवर आले ते १९४० साली, 'थॉट्स ऑन पाकिस्तान'वर. तेथे त्यांनी आपल्या रामूचे मोठे मन आणि विवंचनेच्या दिवसांत तिने बरोबरीने सोसलेले हाल यांचे ऋण मानले आहे. तेव्हा तिला जाऊन पाच वर्षे झाली होती. लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरचे ज्या घरात ते राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन तेथे स्मारक केले आहे. ते पाहायला जाणाऱ्यांनी परळच्या त्या दोन खोल्याही आठवाव्यात. अभ्यास लंडनमध्ये झाला, पण त्याचा खर्च त्या खोल्यांतही झाला.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे सांगितले. मग विचारले, "शिल्लक किती महिन्यांची आहे?" त्याने आकडा सांगितला. "मुदत काय ठेवली आहेस?" तीही त्याने ठरवली होती. "वकिली कशासाठी हवी? जास्त पैशांसाठी?" तो जरा थांबला. म्हणाला, "नाही सर. कचेरीत जे दिसतं ते बोलता येत नाही, म्हणून."

हे ऐकून मला बरे वाटले. मी शेवटचे विचारले, "बायकोला विचारलंस?"

तो गप्प बसला. चहा निवून गेला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सांगितलंय. विचारलं नाही."

"मग आधी घरी जा," मी म्हणालो. "लॉ कॉलेजचा अर्ज नंतर भर."

वाचकहो, नोकरी सोडावी की न सोडावी, याचे उत्तर इतिहास देत नाही. हिशेब कसा मांडावा एवढे तो दाखवतो, आणि त्या हिशेबाच्या वहीत एकट्याचेच नाव घालून चालत नाही, हेही दाखवतो.