विल्किन्स, लॉसन

(१८९४–१९६३). अमेरिकन बालरोगतज्ज्ञ व बाल-अंतःस्रावविज्ञानाचे एक प्रवर्तक. बाल्टिमोरमध्ये स्वतःचा दवाखाना चालवत असतानाच १९३५ मध्ये त्यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात मुलांच्या हॉर्मोनविकारांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला.

१९४० मध्ये कर्ट रिक्टर यांच्यासह त्यांनी प्रसिद्ध केलेली साडेतीन वर्षांच्या मुलाची हकीकत आजही चटका लावते. हा मुलगा बिस्किटांवरचे मीठ चाटून घेई, नुसते मीठही खाई. रुग्णालयातील नेहमीच्या आहारात ते पुरेसे न मिळाल्याने थोड्याच दिवसांत तो दगावला. शवविच्छेदनात अधिवृक्क ग्रंथींची विकृती आढळली. त्यामुळे शरीरातून वाहून जाणारे सोडियम तो मीठ खाऊन भरून काढत होता.

या ग्रंथींच्या जन्मजात अतिवृद्धीवर कॉर्टिसोन गुणकारी ठरते, हे १९५० मध्ये त्यांनी दाखवून दिले. कॉर्टिसोन दिल्यावर पोष ग्रंथीकडून अधिवृक्क ग्रंथींना मिळणारी चेतना ओसरते व पुरुषी हॉर्मोनांचा अतिरिक्त स्राव घटतो. विल्किन्स यांचे हे सर्वांत मोलाचे कार्य होय. त्याच वर्षी मुलांच्या व किशोरांच्या अंतःस्रावी विकारांवरील त्यांचा पाठ्यग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रंथाची तिसरी आवृत्ती त्यांच्या निधनानंतर, १९६५ मध्ये निघाली.