देव न मानणारे पर्यटकही चर्च पाहायला का जातात?

गोव्याला जाणाऱ्यांच्या यादीत समुद्रकिनाऱ्यांसोबत ओल्ड गोवा हमखास असतं. इथल्या चर्चमध्ये येणारे बरेच जण ख्रिस्ती नसतात, काही तर कुठलाच देव मानत नाहीत. मग ते इथे का येतात?

शहर गेलं, चर्च उरली

ओल्ड गोवा ही एकेकाळी पोर्तुगीजांची पूर्वेकडची राजधानी होती. वारंवार आलेल्या साथींमुळे लोक शहर सोडून गेले आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. घरं, वाडे, बाजार नाहीसे झाले. टिकून राहिली ती मुख्यतः चर्च आणि मठ. त्यामुळे ते जुनं शहर पाहायचं तर चर्चमध्येच जावं लागतं. १९८६ मध्ये युनेस्कोने या वास्तूंना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं.

कला पाहायला श्रद्धा लागत नाही

बॉम जीझस बॅसिलिकाचं बांधकाम १५९४ मध्ये सुरू झालं. भिंती जांभ्या दगडाच्या, तर दर्शनी भागावरचं कोरीवकाम वसईहून आणलेल्या काळ्या दगडातलं आहे. आत सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं शव आहे. त्यासाठीची चांदीची पेटी गोव्यातल्या कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्याखालचं संगमरवरी काम मात्र इटलीतल्या फ्लॉरेन्सचं. वसई, गोवा आणि इटली एकाच छताखाली दिसतात.

कटू इतिहासही इथेच

समोरचं से कॅथेड्रल सेंट कॅथरिन यांना अर्पण केलेलं आहे, कारण १५१० मध्ये त्यांच्याच सणाच्या दिवशी अल्बुकर्कने गोवा जिंकलं. याच कॅथेड्रलजवळ धर्मद्रोहाच्या आरोपावरून लोकांना शिक्षा देणाऱ्या इन्क्विझिशनची इमारत होती. १५६० मध्ये सुरू झालेलं हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचं बंद झालं. आज ती इमारत उरलेली नाही. म्हणूनच कॅथेड्रलची भव्यता पाहताना तिच्यामागची सत्ताही समजून घ्यायला हवी.

हे संग्रहालय नाही

बॉम जीझसमध्ये आजही प्रार्थना होते. तुमच्या शेजारच्या बाकावरची व्यक्ती नवस फेडायला आलेली असू शकते. म्हणून खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घाला, मोबाईल सायलेंट ठेवा, फोटोबद्दलच्या सूचना पाळा आणि मिस्सा सुरू असेल तर फिरणं थांबवा. श्रद्धा नसली तरी चालेल, पण दुसऱ्याच्या श्रद्धेचा मान ठेवायलाच हवा.